राहून गेलेलं बोलावणं

आये, परवा दुपारी मी मिरच्या वाळत घालत होते तेव्हा एक पुढारी ओटीवर येऊन बसला. पुढारी म्हणजे वॉर्डापुरताच. माझ्या अंगणवाडीत होता तेव्हा त्याचं नाक मी पुसलेलं आहे. आता पांढरा कडक कुर्ता, गळ्यात पक्षाचा पंचा आणि मागे उभे राहायला दोन माणसं. आल्या आल्या त्याने मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. "बाई, ह्यो व्हिडिओ तुमचाच ना?" माझाच होता. तोंडावर मास्क, अंगावर तुझं हिरवं लुगडं, पाटावर नवरा-नवरी, मांडवाच्या दारात एक हवालदार. मी लग्नातले धवळे गाते आहे, हवालदार बघतो आहे, मी गायची थांबत नाही. एवढंच आहे त्यात. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की त्या वेळच्या सरकारने आगऱ्यांच्या लग्नात पोलीस घुसवून धवळे बंद पाडले. तो म्हणाला, "रविवारी सभा हाय. तुमी फक्त स्टेजवर यायचा आन सांगायचा, मना मधीच थांबवला. पाच मिन्टा. बाकीचा सायेब बोलतील."

तुला हे पहिल्यापासून सांगायला हवं, कारण तू गेलीस तेव्हा खारघरच्या टॉवरांचे नुसते खड्डे खणलेले होते. तुझ्यानंतर एक आजार आला. श्वासातून पसरायचा. सरकारने सगळं बंद केलं, रस्ते, बाजार, देवळं, शाळा. माझी अंगणवाडीही बंद झाली, पण मला घरी बसायला कुठलं मिळतंय! गळ्यात ओळखपत्र अडकवून, हातात ताप मोजायचं यंत्र घेऊन मी घरोघर फिरत होते. कोण खोकतंय, कोणाला वास येत नाही, घरात किती माणसं, सगळं लिहून आणायचं. सहा फूट लांब बसा, तोंड झाका, हे मी या गावाला इतक्या वेळा सांगितलं की पोरं मला बघून दोन पावलं मागे सरकायची आणि हसायची. त्या वेळी जे सरकारात होते ते आज बाहेर आहेत, बाहेरचे आत आहेत आणि काही जण तर दोन्हीकडे मुक्काम करून आलेत. एक म्हणतो, आम्ही राज्य वाचवलं. दुसरा म्हणतो, तुमच्यामुळे माणसं खाटेवाचून मेली. माझ्याकडे दोघांनाही ऐकवण्यासारखं बरंच आहे. आम्हाला मास्क मिळाले ते अर्धं गाव फिरून झाल्यावर, हे मी कुठेही सांगेन. आणि त्याच सरकारी केंद्रातला एक डॉक्टर बाकड्यावर तास-दोन तास झोपून पुन्हा उठायचा, तेही मी डोळ्यांनी पाहिलंय.

दुसऱ्या वेळी आजार जास्त जोरात आला. नियम निघाला की लग्न दोन तासांत उरकायचं आणि माणसं फक्त पंचवीस. आये, दोन तास! आपल्याकडे दोन तासांत हळद कुटूनसुद्धा होत नाही. आपल्या आळीतल्या टेम्पोवाल्याच्या मुलाचं लग्न ठरलेलं होतं आणि दीड महिन्यापूर्वी टेम्पोवालाच गेला होता. स्वतःच्या पायांनी चालत अॅम्ब्युलन्सपर्यंत गेला, पायरीवर थांबून मुलाला म्हणाला, "लगीन पुढं ढकलू नको." नंतर त्याला कोणी पाहिलं नाही. पनवेलला पालिकेच्या माणसांनीच अग्नी दिला, मुलगा फाटकाबाहेर उभा. बापाला खाट मिळावी म्हणून त्या पोराने किती फोन लावले होते ते मला माहीत आहे, कारण त्यातले काही माझ्याच फोनवरून लावले होते. त्याचा राग खरा आहे. त्या रागावर आता कोणी सभा भरवत असेल तरी तो खराच आहे.

लग्नाच्या परवानगीसाठी पंचवीस नावांची यादी पोलीस ठाण्यात द्यायची होती. मुलगा माझ्याकडे आला. "काकी, तुझा नाव पंचविसात धराचा का?" ठाण्यातल्या कारकुनाने त्याला विचारलं होतं, धवलारीण म्हणजे काय, कॅटरर का? पोराने समजावलं, भटजी मंगलाष्टकांपुरता असतो, देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना गाऊन मांडवात बोलावते ती धवलारीण. कारकून म्हणाला, बोलावणारी मोजायची, येणारे मोजायचे नाहीत. मला हसू आलं आणि बरंही वाटलं. माझ्या नावासाठी यादीतून त्याची एक आत्या कमी झाली, ती अजून माझ्याशी धड बोलत नाही.

मग मी बंद अंगणवाडीत घड्याळ समोर ठेवून तीन दिवस बसले. काय ठेवायचं, काय गाळायचं. तू असतीस तर घड्याळच फेकून दिलं असतंस. मला आठवतं, मी विशीतली, तुझ्या मागे सूर धरायला येत होते. एका लग्नात भूक लागली म्हणून मी मांडवात रोवायच्या उंबराच्या फांदीचं अर्धं कडवं गिळलं. तू तिथे काही बोलली नाहीस. घरी आल्यावर चुलीपाशी भाकरी थापता थापता म्हणालीस, "भूक तुला लागलीवती, देवाला कशाला उपाशी ठेवलास?" आणि त्या दिवशी मला जेवायला वाढलंस ते सगळ्यांच्या शेवटी. मी धवळे वहीत उतरवून घेतले होते, ती वही तू कणगीमागे टाकलीस. कागद बघून माणसाला बोलावतात काय, म्हणालीस. मिठागरात पाय सोलून घेतलेली, सही न येणारी बाई, पण रात्रभर गायलीस तरी एक शब्द इकडचा तिकडे होत नसे. आणि एक रीत तुझ्या एकटीची होती, दुसऱ्या कुठल्या धवलारणीकडे मी ती पाहिली नाही. बाबा गेल्यावर तुला दोन वर्षं कोणी मांडवात पुढे बसू दिलं नव्हतं. त्यानंतर तू सुरू केलंस. गेलेल्यांना बोलवायची वेळ आली की घरातल्या विधवा बाईला मागच्या रांगेतून उठवून तू आपल्या शेजारी बसवायचीस, तिच्या हातात तुझा पदर द्यायचीस आणि मगच तिच्या माणसाचं नाव घ्यायचीस. गावातल्या म्हाताऱ्या कुरकुरल्या, तू ऐकलं नाहीस. पुढे तीच रीत झाली.

म्हणून मी हळद गाळली, तांदूळ गाळले, उंबर गाळला, देवांमधले चारपाच मागे ठेवले. गेलेल्यांचं बोलावणं मात्र पूर्ण ठेवलं. घड्याळात बसवून पाहिलं, बसत होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी मांडवात चोवीस माणसं आणि एक मी. खाडीपलीकडून मोठ्या आवाजात डीजे ऐकू येत होता. तिकडे एका नेत्याच्या घरी हळद होती, पाचशे माणूस नाचत होतं म्हणे. नेता एका पक्षाचा, नाचणारा पाहुणा दुसऱ्या पक्षाचा. त्यांना कोणी दोन तास सांगितले नाहीत. आमच्याकडे मात्र पथक आलं. पालिकेचा एक माणूस आणि एक हवालदार. पालिकेच्या माणसाने बोट दाखवून डोकी मोजली, फोटोग्राफर सव्विसावा निघाला, त्याला कुंपणाबाहेर उभं करून तो पुढच्या लग्नाला गेला. हवालदार राहिला. दोन तास होत आलेले, मी गेलेल्यांच्या बोलावण्याशी येऊन पोचले होते. मी त्याच्याकडे पाहिलं तसा तो हात जोडून म्हणाला, "काकी, चालू द्या तुमचं. दहा मिनिटं इकडं-तिकडं झाली तर मी घड्याळ बघणार नाही. माझ्या भावाचं लग्न पाच माणसांत झालंय."

आये, म्हणजे मला वेळ होता.

मी नवरदेवाच्या आईला खूण केली. ती मागून उठून आली, माझ्या उजव्या हाताला बसली, पदरासाठी हात पुढे केला. आणि ती खोकली. एकदा, मग पुन्हा. मी सरकले. विचार करून नाही, अंगच सरकलं, पाट सोडून हातभर लांब. महिनोन्‌महिने घरोघर खोकले लिहून आणलेली मी, मला त्या क्षणी तिचा नवरा दिसला नाही, ती दिसली नाही, फक्त खोकला ऐकू आला. मी श्वास घेतला आणि सरळ शेवटचं कडवं उचललं, गाठ बांधायचं. टेम्पोवाल्याचं नाव घेतलंच नाही. तोंडावर मास्क, त्यातून शब्द धड फुटत नव्हते, नुसता सूर बाहेर येत होता. कोणाला काही कळलं नाही. मी संपवलं तेव्हा मुलगा ढसाढसा रडत होता. माझ्या पाया पडून म्हणाला, "काकी, बापाला बोलावलास. लय बरा वाटला." मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्याच्या आईला आजारबिजार काही नव्हता, तिसऱ्या दिवशी ती चिंबोऱ्या घेऊन बाजारात होती. मीच मग आठवडाभर दारं लावून घरात बसले, आणि लाजेने अर्धी झाले.

तेव्हापासून गावात मी पोलिसाला न जुमानणारी बाई आहे. लग्नांत लोक हा किस्सा मलाच सांगतात. मी कधी खोडून काढलं नाही, उलट दोन-तीनदा हसून मान डोलावली. म्हणून परवा त्या कार्यकर्त्याला उठवताना मला मजा आली. म्हटलं, "बाळा, मना कोनी थांबवला नाय. हवालदाराने उलट वेल दिला. त्याचा नाव मना म्हाईत नाय, पन त्याच्यावर खोटा बोलनार नाय." तो म्हणाला, बाई, पण लोकांचा राग आहे. मी म्हटलं, राग आहेच, तू लोकांना खाटा का मिळाल्या नाहीत ते विचार, मी पहिल्या रांगेत येऊन बसते. धवळ्यांचं नाव घेऊ नको. तो गेला, पंचा सावरत. संध्याकाळी दुसऱ्या पक्षाचा हजर! बातमी पोचलीच होती. "काकी, हवालदाराची गोष्ट आमच्या स्टेजवर सांगा ना. आमच्या सरकारची माणुसकी दिसेल." मी त्याला विचारलं, खाडीपलीकडच्या त्या हळदीत तू होतास का नव्हतास? तो चपला शोधायला लागला. आये, तू असतीस तर तोंडाला पदर लावून हसली असतीस. त्या रात्री मला छान झोप लागली. सत्तरीला आलेली बाई दोन पक्षांना एका दिवसात ओटीवरून उठवते, म्हणजे काय!

आता त्याच टेम्पोवाल्याच्या घरात धाकट्या मुलीचं लग्न आहे, आठ दिवसांवर. मला धवळ्यांचं आवतण आलं. एकदा वाटलं, या लग्नात बापाचं नाव दोनदा घेऊन टाकावं, झालं गेलं फिटलं. पण एकाच्या लग्नाचं बोलावणं दुसऱ्याच्या लग्नात घालता येत नाही, हे तूच मला शिकवलंस. म्हणून काल सकाळी मी त्या पोरांच्या आईकडे गेले. ती अंगणात सुकट निवडत बसली होती. मी बाजूला बसले, दोन-चार काड्या मीही निवडल्या. तोंड उघडणार तर तीच बोलली.

"या टायमाला त्याला बोलाव."

मी हातातली काडी बाजूला ठेवली.

"तवा नाय बोलावलास. मना म्हाईत हाय. मी पदर धराला हात पुढं केलता ना." निवडता निवडता बोलत होती, आवाजात ना राग, ना काही. "मंग मीच बोलावला. मनातल्या मनात. मना धवले येत नाय, पन माझ्या नवऱ्याचा नाव येता ना."

इतकी वर्षं तिने हे कोणाला सांगितलं नाही. पोराला नाही, गावाला नाही. गाव माझं कौतुक करायचं तेव्हा ती तिथेच बसलेली असायची. आये, मला तिच्या पायांशी डोकं टेकावंसं वाटलं. मी टेकलं नाही. मग तिने विचारलं, "पन तवा सरकलीस कशाला गो?"

मी म्हटलं, "पोलीस उभा होता ना दारात."

ती म्हणाली, "हां. पोलीस होता खरा." आणि जायच्या वेळी तिने मला पिशवीभर सुकट दिलं.

ज्या एका खोट्यासाठी मी परवा त्या पोराला ओटीवरून हाकललं, तेच खोटं मी काल तिच्या अंगणात बोलले, कोणी माईक धरलेला नसताना. तुला वाचता येत नव्हतं, हा कागद कुठे टाकायचाही नाही, म्हणून इथे लिहिते. समोर असतीस तर तुलाही मी पोलीसच सांगितला असता. आठ दिवसांत तिला खरं सांगायचं ठरवलंय, हळदीच्या आधी. आज सकाळी मी बाजाराला जाताना ती दारात उभी होती. मी लांबूनच हात केला आणि गेले.