सात नंबरची नवी गाडी

रविवार, १२ ऑक्टोबर

दादा,

नमस्कार. तू आणि वहिनी बरे असाल. आठ महिन्यांत तुझं पत्र नाही, फोन उचलत नाहीस, म्हणून मीच लिहायला बसलो. घरी सगळे ठीक. पोरगी तुझ्यासारखीच हट्टी निघाली आहे.

आपल्या सात नंबरच्या मार्गावर आता सगळ्या बसगाड्या नव्या कंपनीच्या आहेत. विजेवर चालतात. क्लच नाही, गिअर नाही, डावा पाय दिवसभर बिनकामाचा. पहिला आठवडाभर मी उगाच जमीन दाबत होतो. तू असतास तर हसून लोळला असतास.

केबिनला काचेचं दार आहे. गाडी सुटली की ते आपोआप बंद होतं, थांबा येईपर्यंत उघडत नाही. समोर कॅमेरा. जांभई दिली की टूं टूं वाजतो; काल शिंकलो तरी वाजला. भाजीवाल्या मावशी पूर्वी माझ्या मागे टोपली ठेवून गप्पा मारायच्या. परवा त्यांनी काच वाजवून काहीतरी विचारलं. ऐकू आलं नाही, मी मान डोलावली. त्यांचा चेहरा एकदम खुलला. उतरताना म्हणाल्या, "बरं झालं बाई, मोठा परत आला ते!" त्या तुझ्याबद्दल विचारत होत्या. खरं काय ते सांगेपर्यंत दार लागलं.

आपल्याबरोबरच्या ड्रायव्हर लांब्याने नोकरी सोडली. डेपोत कोणी त्याच्याशेजारी डबा उघडत नव्हतं. शुक्रवारी सामान घेऊन माझ्याकडे आला.

"चाललो. तुला काही बोलायचंय?"

"सांभाळून जा," मी म्हणालो.

"एवढंच?"

मी बुटाची नाडी बांधत बसलो. बांधलेलीच होती.

दादा, नवी कंपनी घेणार असेल तर आपल्या सगळ्या जुन्या ड्रायव्हरांना घेईल, नाहीतर तिच्या यादीवर कोणीच सही करायची नाही, असं तू आमच्याकडून वदवून घेतलं होतंस. दुसऱ्या दिवशी यादीवर एक सही निघाली आणि बाकीच्यांची रीघ लागली. लांब्याला ऑफिसातून बाहेर पडताना कोणीतरी पाहिलं होतं. तू त्याला गेटवर सगळ्यांदेखत थोबाडीत मारलीस. त्यावरून कंपनीने तुझं नाव कापलं आणि तुझी सव्वीस वर्षांची नोकरी गेली.

लांब्या रजेचा अर्ज द्यायला आत गेला होता. टेबलाशी पेन घेऊन मी होतो. त्याने पाहिलं होतं. मार खाल्ला, पण माझं नाव घेतलं नाही.

मला कोणी धमकावलं नव्हतं. त्या दिवशी आवारात नवी गाडी आली होती. साहेब म्हणाले, बसून तर बघ. बसलो. चाक एका बोटाने फिरत होतं. वीस वर्षं तुझ्या हाताखाली गाडी चालवली, सगळे मला 'मोठ्याचा भाऊ' म्हणायचे. वाटलं, ही गाडी माझी. खाली उतरलो आणि सरळ सही केली.

तू लांब्याला मारलंस तेव्हा मी चार पावलांवर उभा होतो.

आता तीन वर्षं नोकरी सोडायची नाही, असं लिहून दिलंय. रोज आठ तास त्या काचेत असतो. गार हवा येते, बाहेरचं सगळं दिसतं. सहीचं मात्र कोणाला सांगता येत नाही. सकाळच्या हजेरीला ते सांगायला तीनदा उभा राहिलो. तीनदा "हजर" एवढंच म्हणून बसलो.

म्हणून तुला लिहितोय. तुला कळलं की मला गप्प बसायची सोय उरणार नाही.

लांब्याचा नवा पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. आधी त्याच्याकडे जा. माझ्याकडे आला नाहीस तरी चालेल. हे पत्र डेपोत नेऊन मोठ्याने वाचलंस तरी माझी हरकत नाही.

भाऊ म्हणायचं की नाही ते तू ठरव. मला मात्र दुसरं काही लिहिता येत नाही,

तुझा धाकटा