हाकेला येणारे

साउथ डकोटा, शुक्रवार

प्रिय चैतू,

फोन हाताशी असताना बाबा पत्र का लिहितायत, असं तुला वाटेल. फोनवर तू रडवेली होतेस आणि माझं बोलायचं राहून जातं. आईच्या आजारपणाचं ऐकलंस आणि त्याच दिवशी तू तिकीट काढलंस. वीस तारखेला तुझ्या शिकागोहून आपण दोघं सोबतच नागपूरला निघणार. त्याबद्दलच लिहायचं आहे, पण आधी इथलं सांगू दे. माझी गाडी सरळ मुद्द्यावर कधी आली आहे?

तुझा दादा इथे चांगला रुळला आहे. नागपूरला गाई-म्हशींचा डॉक्टर झालेला आपला सिद्धेश अमेरिकेत मांसासाठी बायसन पाळणाऱ्या रँचचा मॅनेजर होईल, असं कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. आपल्या रानगव्याचा केसाळ भाऊ म्हण, खांद्यावर वशिंड आणि हनुवटीला दाढी. अशी तीनशे जनावरं, आणि नजर पोचेल तिथवर नुसतं वाळलेलं गवत. मी दोन महिने तुझ्या वहिनीच्या हातचं खाऊन आराम करायला आलो होतो, पण पीटीच्या मास्तराला रिकामं बसवतं होय?

थंडीत गवत पुरत नाही, म्हणून दादा ट्रकमधून पेंडीच्या कांड्या टाकत जातो. हॉर्न वाजला की कळप यायचा. एक दिवस हॉर्न बिघडला, तर मी खिडकीतून डोकं काढून हाक मारली, तुला मैदानावरून घरी बोलवायचो तशीच. याऽऽ, या लवकर. जन्मभर शाळेच्या मैदानावर कमावलेला आवाज आहे तो. आली की गं सगळी. पुढे हॉर्न दुरुस्त झाला तरी त्यांना माझीच हाक लागायला लागली. मी असा फुगलो की विचारू नकोस. वहिनीने व्हिडिओ काढून तुला पाठवला होता, त्यावर तू ‘बाबा रॉक्स’ लिहिलंस. त्यात एक तरणा नर होता, एक शिंग जरा वाकडं. बाकीच्यांना ढुशा देत तो पहिला यायचा आणि खिडकीशी उभा राहून फुसफुसायचा. मी बोलावलं म्हणजे खायला मिळणार, याबद्दल त्याला कधी शंकाच आली नाही.

मंगळवारी दादा म्हणाला, बाबा, उद्या हार्वेस्ट आहे, तुम्ही ट्रकमध्ये चला, तुमचा आवाज ऐकला की ते रिलॅक्स असतात. मांसासाठी जनावर मारण्याला इथे हार्वेस्ट म्हणतात. ट्रेलरमध्ये कोंडून कत्तलखान्यात नेलं तर बायसन बिथरतात, एकमेकांना भोसकतात. म्हणून इथे कुरणातच, खाण्यात गुंग असताना, कानामागे एक गोळी घालतात. जनावराला कळतही नाही. दादाचं म्हणणं पटण्यासारखं होतं, मला त्यात खोट काढता आली नाही. सरकारी तपासनीस मागून दुसऱ्या गाडीतून आला. आमच्या ट्रकमध्ये मागे बंदूकवाला बसला. मी हाक मारली.

वाकड्या शिंगाचाच पहिला आला. पडला तेव्हा त्याच्या तोंडात कांडी होती. बाकीचे पळाले नाहीत. जवळ येऊन हुंगत राहिले, एका जुन्या मादीने शिंगांनी त्याला उठवून पाहिलं. उठेना, तेव्हा ती सगळी ट्रककडे वळली, कांड्या पुढे टाका म्हणून. काल मी पुन्हा हाक मारली तर तितक्याच वेगाने धावत आली. त्यांच्या मनात माझ्याबद्दल काहीच बदललं नव्हतं. ते मला सोसेना. मी दादाला डोळ्यांत वारा गेला म्हणून सांगितलं.

मी काही माळकरी नाही. रविवारचा सावजी रस्सा नाकाडोळ्यांतून पाणी येईस्तोवर ओरपणारा माणूस मी, इथे बायसनचा खिमाही मागून घेतो. त्या नराला दादाने चांगलं जगवलं, आणि न घाबरवता मारलं, ते त्याचं काम आहे. मला खातंय ते बोलावणं. विश्वासाने येणाऱ्याला मी त्याच विश्वासाच्या दोरीने ओढून आणलं. आणि चैतू, हे मी या महिन्यात दोनदा केलं.

तुझ्या आईला काहीही झालेलं नाही. ती ठणठणीत आहे, परवा भिशीलाही जाऊन आली. तुला कुमारशी लग्न करायचंय हे तू सांगितलंस तेव्हा तो काय करतो, स्वभावाने कसा आहे, हे मी विचारलंच नाही. आडनाव तेवढं विचारलं आणि ऐकून विषय बदलला. मग आई आणि मी ठरवलं, तुला नागपूरला आणायचं, तुझा पासपोर्ट कपाटात कुलूपबंद करायचा आणि आपल्यातलाच आम्ही पाहून ठेवलेला मुलगा, सत्यजित, त्याच्या घरच्यांना लग्नाचा शब्द द्यायचा. तू माझ्याशिवाय कोणाचं ऐकणार नाहीस, म्हणून फोन मी करायचा. केला. तू एकही प्रश्न विचारला नाहीस, बाबा मी येते, एवढंच म्हणालीस. आईला बोल लावू नकोस, लोक काय म्हणतील म्हणून ती घाबरली आहे. फोन माझा होता. दादाला यातलं काही माहीत नाही, त्याला आज सांगतो. मग आईला सांगेन, ती जे बोलेल ते ऐकून घेईन. हे पत्र उद्या कुरिअरने निघेल. मिळाल्याबरोबर तिकीट रद्द कर. मी काही फार खंबीर माणूस नाही, हे आता तुला कळलंच आहे. आई रडली, नातेवाईक बोलले, तर मी पुन्हा डळमळेन आणि तुला फोन करेन. तेव्हा मी कितीही काकुळतीने ये म्हणालो, तरी येऊ नकोस.

तुझाच,
बाबा