ताटलीतली भूक

१ ऑगस्ट
साक्रीहून जळगावला आले. धुळ्याच्या कॉलेजातली माझी मैत्रीण रुची, तिच्याच प्रयोगशाळेत नोकरी मिळाली. तिचा बाप धान्याचा व्यापारी आणि लेक माणसाची आतडी पिकवते! आतड्याचा कणभर तुकडा घ्यायचा, त्यातल्या मूळ पेशी काचेच्या ताटल्यांत वाढवायच्या. त्यांचे मोहरीएवढे फुगे होतात. गुलाबी पाणी हेच त्यांचं जेवण, ते घालायचं काम माझं. मी घालताना "जेवा बरं" म्हणते, रुची हसते. मागे माझं पोट दुखत होतं, तेव्हा तिनेच ओळखीच्या डॉक्टरकडून दुर्बीण घालून तपासून घेतलं होतं. अशी मैत्रीण मिळायला भाग्य लागतं. आईचा फोन आला, पोट भरीसन जेव म्हणाली.

९ ऑगस्ट
नवलच आहे. मेसमध्ये शेवभाजी चापली तरी पोटात कावळे ओरडत होते. ताटल्यांना पाणी घातलं आणि मला ढेकर आली. एकटीच हसत बसले.

१७ ऑगस्ट
एक ताटली उबेच्या कपाटाबाहेर विसरले. पोटात थंडगार गोळा आला. ताटली आत ठेवली, गोळा गेला. भीती वाटली. रुचीला सांगितलं. हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही.

२७ ऑगस्ट
आज जैनांची संवत्सरी. रुची खोलीवर आली, हात जोडून मिच्छामि दुक्कडम् म्हणाली. जाणता-अजाणता दुखावलं असेल तर क्षमा कर, असं आज ते सगळ्यांनाच म्हणतात. पण ती रडली. मी तिला जवळ घेतलं, म्हटलं, केली गं, सगळ्याची केली.

२८ ऑगस्ट
आज विचारलंच, ते आतडं कुणाचं?
माझंच निघालं. दुर्बीण घातली तेव्हा घेतलेलं.
मला विचारलं का नाहीस म्हटलं, तर म्हणते, तू नाही म्हणाली असतीस. आणि काल क्षमा केलीस ना.
ताटात किडा पडून मरेल म्हणून सूर्य मावळल्यावर न जेवणारी ही! केसाने गळा कापला माझा.

२९ ऑगस्ट
बोभाटा नको, पुरावा नको म्हणते. सगळ्या ताटल्या नष्ट करणार. पाया पडले तिच्या — त्या मेल्या तर मी —
तिने प्रयोगशाळेचं दार आतून लावलंय. काचेतून दिसतंय. ब्लीचची बाटली. पहिली ताटली —
आग. पोटात आग —
दुसरी —
काचेपलीकडून हात जोडतेय. ओठ हलताहेत. तेच शब्द —
नाही केली. रुची, ऐक, मी क्षमा नाही के—