खोटं ओळखण्याच्या सात खुणा

२ नोव्हेंबर, रविवार
क्षमाताईचं लग्न मोडलं, कारण त्या माणसाने नोकरीबद्दल थाप मारली आणि घरात कुणालाच कळली नाही. मला कळेल. खोटं ओळखण्याच्या सात खुणा नेटवरून वहीत उतरवून घेतल्यात.
आज बोरिवलीच्या हॉटेलात निलेशला भेटले. स्थळ मुलुंडचं. लग्नानंतर मी नोकरी सोडणार नाही, हे त्याला मान्य आहे म्हणाला. म्हणताना नाक चोळलं. खूण क्रमांक दोन. सर्दी होती त्याला, पण सर्दीचं निमित्तही करता येतं.

४ नोव्हेंबर
फोनवर तोच प्रश्न पुन्हा विचारला. उत्तर थोडं वेगळं आलं. म्हणजे खोटं.

५ नोव्हेंबर
तिसऱ्यांदा विचारला. शब्दन्‌शब्द कालचंच उत्तर. म्हणजे पाठ केलेलं. वर हसून म्हणाला, अजून किती पेपर आहेत गं? हसतो चांगला. त्याचा इथे संबंध नाही.

७ नोव्हेंबर, दुपारी
मैत्रिणीला, नीलमला, कुरियरवाली बनवून त्याच्या ऑफिसात फोन करायला लावला. मी स्वतः खोटं बोलत नाही, घरातले संस्कारच तसे. मी फक्त शेजारी बसून काय बोलायचं ते सांगत होते. तो खरंच तिथे काम करतो. फोन त्यानेच उचलला.

७ नोव्हेंबर, संध्याकाळी
निलेशचा फोन. "मागून तुझा आवाज येत होता. तो फोन तू करवलास?"
मी नाही म्हणाले. ठामपणे, एकदाच. चौकशी करणं हा माझा हक्क आहे, त्याला खोटं म्हणत नाहीत. तो "बरं" म्हणाला. पटलं त्याला. बिचाऱ्याला खोटं अजिबात ओळखता येत नाही. असा माणूस सोडायचा नसतो.

९ नोव्हेंबर, रविवार
आईला होकार कळवायला सांगितला. ताई म्हणाली, एवढी उलटतपासणी करून शेवटी होच ना? म्हटलं, तपासलं म्हणूनच हो. नेसायला मोरपंखी घ्यावी.

१३ नोव्हेंबर
निलेशच्या आईचा फोन. मुलगी छान आहे हो, पण पत्रिका जुळत नाही. फोन स्पीकरवर होता. मी सातही खुणा ताडून पाहिल्या. आवाज शांत, बोलणं मोजकं, अडखळणं नाही. बाई खरं बोलतायत. ग्रहच आडवे आले, यात माझी काही चूक नाही, असं मी आईला स्पष्ट सांगितलं.
आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अगो चेडवा, आपण त्यांका पत्रिका दिलेली कधी?"
दिली असेल. आठवून बघते.