मागच्या सीटवरचा भोपळा

चि. टिल्लू यास ताईचे भरघोस आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा. (टक्कल पडायला लागलेल्या माणसाला टिल्लू म्हणू नये, असं तुझ्या बायकोचं म्हणणं आहे. तिला सांग, तिने नवऱ्याला हवं ते म्हणावं, माझ्या भावाला मी टिल्लूच म्हणणार.) तुझी कंबर कशी आहे? मुलांचे खोकले थांबले का? आम्ही दोघं ठणठणीत आहोत. घरात सध्या एकाचंच वजन भराभर वाढतंय आणि त्याबद्दलच हे पत्र.

रविवारी गिऱ्हाईक घेऊन येतोस आणि आमच्या अंगणातली तुझी जुनी गाडी एकदाची विकून टाकतोस, हे वाचून आनंद झाला. म्हणजे झाला असता. अडचण अशी आहे की गाडी रिकामी नाही. मागच्या सीटवर भोपळा आहे. ठेवलेला नाही, तिथेच वाढलेला. (भोपळ्याशी तुझं जुनं नातं आहे, गणिताच्या पेपरात दरवर्षी भेटायचा. पण हा वेगळा.)

घाबरू नकोस, नीट सांगते. गाडी विकायचा विचार आहे असं तू पहिल्यांदा कळवलंस ना, तेव्हा मी लावलेली लाल भोपळ्याची वेल कुंपणाशी नुसती रांगत होती. मग तिला पाय फुटले. कपड्यांच्या दोरीवर चढली, तुझ्या भाऊजींच्या सायकलीला विळखा घातला (ते सायकल चालवत नाहीत, फक्त पुसतात, त्यामुळे आठवडाभर कळलंच नाही) आणि तिथून थेट तुझ्या गाडीकडे वळली. मागच्या खिडकीची काच तू अर्धी उघडी टाकून गेला होतास. लहानपणापासून तुझी हीच खोड, आई ओरडून ओरडून थकली. शेंडा आत शिरला, आत फूल आलं. मधमाशा काही गाडीत बसायला तयार होईनात, म्हणून मीच सकाळी उठून बाहेरचं नर फूल खुडलं आणि आतल्या मादी फुलावर टेकवलं. आता फूल आलंच आहे, तर वाया कशाला घालवायचं?

मोठा भोपळा हवा असेल तर वेलीवरचे बाकीचे सगळे लहानपणीच खुडावे लागतात, म्हणजे सगळा जीव एकातच उतरतो. पाच भावंडांत वाढलेल्या बाईला ते करताना काय वाटलं असेल, याचा विचार कर. पण उपयोग झाला. पानं बाहेर उन्हात, हा आत सावलीत, खाली गादी. लिंबाएवढा होता, नारळाएवढा झाला, आणि मग त्याने मागेपुढे पाहिलंच नाही. आता आपले मोठे मामा लग्नाला निघाले की बसायचे तसा बसलाय, दोन्हीकडे अंग टाकून, दुसऱ्या कुणाला जागा न ठेवता. समोरचे शिंपीकाका दर आठवड्याला टेप घेऊन येतात, आत वाकून त्याचं माप घेतात आणि म्हणतात, असं गिऱ्हाईक आयुष्यात मिळालं नाही. दुपारी मी पुढच्या सीटवर बसून भाजी निवडते आणि त्याच्याशी बोलते. तो मध्ये तोंड घालत नाही. (या घराण्यात असा पहिलाच.) खरं सांगू, टिल्लू? इतकी खुशीत मी कित्येक वर्षांत नव्हते.

तो बाहेर काढायचा प्रयत्न आम्ही केला नाही असं समजू नकोस. तुझे भाऊजी जन्मभर कारखान्यात फिटर होते. त्यांनी दाराचं माप घेतलं, भोपळ्याचं घेतलं, बराच वेळ डोकं खाजवलं आणि 'निघत नाही' एवढं बोलून पेपर वाचायला गेले. कापून काढा असं तू म्हणणार असशील, तर ते माझ्यासमोर म्हण, पत्रात नको.

तेव्हा रविवारी गिऱ्हाईक आणू नकोस. बाकी सगळ्यांना आण.

तुझी,
ताई

ता. क. देठ वाळला की भोपळा तयार झाला म्हणायचं. सध्या देठ हिरवागार आहे. त्याला घाई नाही, तूही करू नकोस.

आणखी एक. कंबर धरायच्या आधी दर महिन्याला गाडीचं इंजिन सुरू करून बघायला यायचास, जेवायचास, संध्याकाळपर्यंत घोरायचास, ते आता पुन्हा चालू कर. भोपळ्याला हादरे बसतील, म्हणून इंजिन सुरू करायची गरज नाही. पण यायची आहे.

टिल्लू, पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे आहे, म्हणून चार ओळी. काच तू नीट बंद करून गेला होतास. गाडी विकायचं तुझं पहिलं पत्र आलं, त्याच संध्याकाळी हिने किल्ली घेऊन काच खाली केली आणि पुढे वेल गाडीपाशी पोचली तेव्हा तिचा शेंडा स्वतःच्या हाताने आत ओढून घेतला. मी ओट्यावरून बघत होतो. आता कामाचं. पुढची सीट फक्त चार बोल्टांवर आहे. ती काढली की पुढच्या दाराने भोपळा आरामात बाहेर येतो, अर्ध्या तासाचं काम. हे मी हिला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

तुझे भाऊजी