एकोणचाळीस भिंती आणि एक तुमची

तीर्थस्वरूप मामांना भाच्याचा नमस्कार. (नाकारू नका, आधी पूर्ण वाचा.)

गुडघा कसा आहे? आई विचारते आहे. तिने विचारलं असं कळवू नकोस, हेही तिनेच सांगितलं आहे.

वीस वर्षं नगराध्यक्ष राहून तुम्ही यंदा पडलात, त्याबद्दल मी काही लिहीत नाही. पण तुम्हाला पाडणाऱ्या मास्तरांनी माझा जो छळ मांडलाय तो तुम्हाला नाही तर कोणाला सांगू? निवडणुकीच्या सात महिने आधीच ते माझ्या दुकानात आले, सायकलवरून, झिजलेल्या चपलांत. म्हणाले, पेंटर, आपल्याला मूल्यांचं राजकारण करायचंय, चाळीस भिंती रंगवून दे. मी विचारलं, मामांचं नाव घालू का? (रागावू नका, धंद्यात विचारावं लागतं.) तर म्हणे, छे छे, व्यक्तीवर टीका आमच्या तत्त्वात बसत नाही. म्हणून बिननावाचं लिहिलं, ‘खुर्चीवर बसला तो चोर’. अक्षर तुम्ही रोज बघताच, तुमच्या कंपाउंडवरच आहे.

आता मास्तर स्वतः खुर्चीवर बसले आणि आठवड्यात त्यांचा माणूस हजर, सगळं पुसून टाक. लोक म्हणे भिंत वाचतात आणि मास्तरांकडे बघून हसतात. मी म्हटलं, तत्त्व बदललं का? तर म्हणतो, तत्त्व तेच, खुर्ची नवी. (नवी कसली डोंबलाची, तुमचीच आहे, फक्त गादी बदलली.) बरं, मी चुन्याचे दोन हात दिले. तिसऱ्या दिवशी अक्षरं परत वर. आणखी एक हात दिला, तरी ‘चोर’ तेवढा दिसतोच. कारण मी अस्सल ऑईलपेंट वापरला होता, घट्ट. उभ्या जन्मात रंगात भेसळ केली नाही. तर हे गृहस्थ भर सभेत म्हणाले, पेंटर विरोधकांना फितूर आहे. खरा रंग दिला म्हणून मी फितूर आणि हे मूल्यवाले. संताप होतो नुसता. एकोणचाळीस भिंती पत्र्याने खरवडतोय, तळहाताला फोड आलेत. चाळिसावी तुमची. तिथे मास्तरांचा माणूस आला तेव्हा तुम्ही काठी घेऊन उभे राहिलात म्हणे, की राहू दे, माझ्या भाच्याचं अक्षर आहे.

मामींना नमस्कार.

तुमचा (अजून म्हणत असाल तर) भाचा

ता. क. ती भिंत पुसा हो. मास्तर गेले खड्ड्यात. आठ महिने आईने तुमची पायरी चढलेली नाही. म्हणते, पोराने लिहिलेल्या त्या ओळीसमोरून भावाच्या घरात कोणत्या तोंडाने जाऊ.

आणखी एक ता. क. खरवडायची गरज नाही, ओलं फडकं फिरवा. भेसळीचं वर लिहिलंय ते एकोणचाळीस भिंतींपुरतं खरं आहे. तुमच्या भिंतीवर ऑईलपेंट लावायला हात धजला नाही, नुसता गेरू पाण्यात कालवला होता. वाटलं, एका पावसात जाईल. तुम्ही माझ्या अक्षरांवर पत्र्याची पडवी ठोकाल, हे मला काय ठाऊक.