सुजलेले पाय आणि वन्संचा सल्ला

ती. वन्संना,

वाकून नमस्कार करते असे लिहायची पद्धत आहे. पण गुडघ्याखाली जे काही माझ्या मालकीचे आहे ते सध्या वाकत नाही, तेव्हा उभ्यानेच केला असे समजावे. तुमची तब्येत उत्तम असणारच. ती बिघडल्याचे मी गेल्या कित्येक वर्षांत ऐकलेले नाही, आणि बिघडली असती तर इतरांच्या तब्येतीत लक्ष घालायला तुम्हाला सवड कुठून मिळाली असती?

माझा थायरॉइड मंदावल्याचे तुम्हाला ठाऊकच आहे (ज्यांना ठाऊक नव्हते त्यांना तुम्हीच कळवलेत, त्याबद्दल आभार). गळ्यातली एवढीशी ग्रंथी कामचुकारपणा करते आणि भोगायचे पायांनी, म्हणजे आमच्या टेलिफोन ऑफिसचाच कारभार. वरच्याने सही टाळायची आणि शिव्या खालच्याने खायच्या. सकाळी पाय बऱ्यापैकी माझे असतात. संध्याकाळपर्यंत नडग्या कापूस ठासून भरलेल्या लोडासारख्या होतात आणि पोटऱ्या कुणीतरी पिळून वाळत घातल्यासारख्या ठणकतात. माझे नाडीचे काळे बूट तुम्हाला आठवत असतील. सपाता घालून बाहेर पडणारी बाई अर्धी अंथरुणातच असते, असे आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर म्हणत, आणि मी जन्मभर ते पाळले. आता त्या बुटांच्या दोन्ही बाजू एकमेकींचे तोंड पाहत नाहीत. तुमच्या-माझ्यासारख्या म्हणा ना.

डॉक्टरीणबाई नातीच्या वयाची आहे, पण हात गार आणि डोके जागेवर. तिने नडगीवर अंगठा दाबून धरला, खळगा पडतो का पाहिले, पडला नाही. हृदय आणि मूत्रपिंडे तपासून घेतली, ती निर्दोष सुटली. सूज थायरॉइडचीच, म्हणाली. गोळी रोज घ्या, हळूहळू उतरेल. मी रोज घेतली. सूज उतरली नाही. तिने गोळी वाढवली, मी तीही घेतली. परत वाढवली. शेवटी ती माझ्याकडे अशी बघू लागली, जशी मी त्या ग्राहकांकडे बघत असे ज्यांची लाइन आम्ही तीन-तीनदा दुरुस्त केली तरी घंटा वाजत नसे. (बहुतेकदा रिसीव्हर खाली काढून ठेवलेला असे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.)

मधल्या काळासाठी तिने घट्ट मोजे लिहून दिले. ते मोजे एकटीने चढवायचे असतील तर मुळात पाय सुजलेले नसावे लागतात. शेजारीण मदतीला आली. पावडर लावून झाली, टाचेपर्यंत मोजा आला आणि तिथे अडून बसला. मग मी पॅसेजमध्ये जमिनीवर बसून बुटांचे कपाट धरले, तिने दाराच्या चौकटीला पाय टेकवला आणि ओढले. मोजा हलला नाही, कपाट आले. नेमका त्याच वेळी तुमचा भाचा न कळवता वर आला. आई आडवी, शेजारीण तिचा पाय धरून बसलेली, भोवती बुटांचा सडा. त्याने आम्हाला उठवले, बूट जागेवर लावले, चहा घेतला, जिन्याकडे बराच वेळ पाहिले आणि मग म्हणाला, "आई, तीन मजले आता तुझ्याच्याने होणार नाहीत. महिनाअखेरीला हे घर आवरू, तू माझ्याकडे चल."

त्याच्याकडे लिफ्ट आहे, माझ्यासाठी उजेडाची खोली आहे, आणि सून इतकी चांगली आहे की मला कांदासुद्धा चिरू देणार नाही. तीच तर पंचाईत आहे. चांगल्या माणसांशी भांडता येत नाही. हे घर तुमच्या भावाने आणि मी मिळून घेतले. तो गेल्यावरही माझी किल्ली माझ्या पर्समध्ये आहे, आणि ती तिथेच राहावी एवढेच माझे म्हणणे आहे. बऱ्याच वादानंतर ठरले ते असे, की महिन्याच्या शेवटच्या रविवारी तुमचा भाचा येईल. मी आपल्या पायांनी जिना उतरून चढून दाखवला तर विषय बंद.

मी तडक डॉक्टरीणबाईकडे गेले आणि तिच्या गोळीबद्दल काय वाटते ते सांगितले. तिने शांतपणे विचारले, गोळी घेता कशी? म्हटले, घरंदाज माणसे घेतात तशी. पोटभर नाश्त्यानंतर, पेलाभर दुधाबरोबर, वरून कॅल्शियमची गोळी. रिकाम्या पोटी औषध घेणाऱ्या मुली प्रार्थनेत चक्कर येऊन पडतात, असे आमच्या बोर्डिंगच्या सिस्टरांनी बजावले होते. डॉक्टरीणबाईने पेन खाली ठेवले. मग म्हणाली, उठल्याउठल्या, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. त्यावर तासभर चहासुद्धा नाही, आणि कॅल्शियम त्यानंतर निदान चार तासांनी.

थोडक्यात, रिसीव्हर खाली होता.

मला खरा संताप आला तो इथे. कारण हेच, शब्दाला शब्द, मला पहिली गोळी मिळाली त्या दिवशी तुम्ही फोनवर सांगितले होते. ते तुम्ही त्याच सुरात सांगितलेत ज्या सुरात लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात मला चादरीची घडी शिकवली होतीत. मी त्याच क्षणी ठरवले, तशी नाही घ्यायची. तुम्ही सांगितले नसते, तर मी कदाचित डॉक्टरांना स्वतःहून विचारलेही असते. तेव्हा दोष कुणाचा हे सुज्ञास सांगणे न लगे.

आता रोज सकाळी गोळी घेऊन, स्टुलावर पाय टाकून, न पेटवलेल्या गॅसकडे तासभर बघत बसते. गोळी पुन्हा कमी केली आहे, रक्त परत तपासायचे आहे. ठणका उतरतो आहे. सकाळच्या वेळी नाड्या बांधता येतात, संध्याकाळी अजून नाही. वेळ लागेल, असे डॉक्टरीणबाई म्हणते. वेळ लागेल हे तुमच्या भाच्याला कोण सांगणार, हा प्रश्न आहे.

मला कुणाच्याही मदतीची गरज नाही, हे कळवण्यासाठीच हा पत्रप्रपंच.

पाय वगळता सुखरूप,
तुमची भावजय

ता.क. तो माझे ऐकत नाही, आत्याचे ऐकतो. रविवारी सकाळी या. तुम्हाला घ्यायला मी खाली उतरेन, बूट घालून. त्याने तेव्हाच पाहिले तर उत्तम. तुमचा थायरॉइड मंदावला होता तेव्हा तुमचे पाय किती महिन्यांनी उतरले होते ते त्याला सविस्तर सांगा. सविस्तर सांगणे तुम्हाला जमते.

ता.क. दुसरा : उपाशीपोटीचा शोध डॉक्टरीणबाईचा आहे, असेच त्याच्यापुढे म्हणावे.

ता.क. शेवटचा : इथल्या तुमच्या पलंगावर धुतलेली चादर ठेवली आहे. घडी तुमच्या पद्धतीची आहे. त्यावर काही बोलू नये.